गुलाबी खोलीतली निळी होडी

मला राखाडी रंग फार आवडतो अशी आमच्या समस्त नातेवाइकांची समजूत आहे. अजिबात आवडत नाही. माझ्या कामाच्या खोलीच्या चारही भिंती राखाडी, टेबल राखाडी, पडदा राखाडी आणि कामाला बसते तेव्हा अंगातला कुर्ताही राखाडी, एवढ्यावरून दर दिवाळीला कोणी ना कोणी त्याच रंगाची साडी घेऊन येतं आणि वर म्हणतं, "मुद्दाम तुमच्या आवडीची बघून घेतली हो!" मी हसून घेते आणि कपाटात टाकते. मला आवडतो झेंडूचा पिवळा. पण पंचावन्न उलटल्यावर आता कोणाकोणाला समजावत बसायचं? तरी एकदा लिहून ठेवते. या राखाडी रंगापायी मी माझ्या पहिल्या नोकरीवर पाणी सोडायला निघाले होते, आणि त्याचा मला आजही तिळमात्र पश्चात्ताप नाही.

आमचं घर पूर्णगडला, खाडीच्या अंगाला. माझे वडील, आबा, होड्या रंगवायचे. पावसाळ्यात सगळ्या होड्या किनाऱ्यावर ओढून माडाच्या विणलेल्या झापांखाली ठेवलेल्या असत आणि आषाढाची झोड ओसरली, श्रावणात जरा ऊन दिसायला लागलं, की आबांची घाई सुरू. नारळी पौर्णिमेच्या आत गावातली प्रत्येक होडी रंगून उभी राहायला हवी. त्या दिवसांत आमच्या पडवीत पाय ठेवायला जागा नसायची. रंगाचे डबे, नारळाच्या करवंट्यांतल्या टर्पेंटाइनमध्ये बुडवलेले ब्रश, फडकी. सकाळी जाग यायची ती डब्यात काठी फिरवल्याच्या टणटण आवाजाने आणि मागे घासकागदाची खरखर. आई चुलीपाशी बसून उकड्या तांदळाची पेज वाढायची, सोबत सुकटीची चटणी नाहीतर कुळथाची पिठी, आणि रोज तेच म्हणायची, "पेजेलापण टर्पेंटाइनचा वास येतोय. माणसानं खायचा तरी काय या घरात?" आबा निमूट दोन वाडगे पेज प्यायचे. त्यांना बहुतेक तो वास नसता तर जेवण गेलं नसतं.

आबांची एक रीत होती. होडीला रंग लावण्याआधी ते एका फळीवर राखाडी अस्तर, म्हणजे रंगाखालचा पहिला हात, लावत, त्यावर मिसळलेल्या रंगाचे दोन हात देत आणि फळी वळचणीला खिळ्यावर टांगून ठेवत. दुसऱ्या दिवशी सकाळी फळी उतरवून अंगणातल्या सावलीत नेत आणि तिच्यावर अंगठा दाबत. अंगठा उलटा करून बघत. स्वच्छ निघाला तर म्हणत, "सुकला." त्यानंतर मग रंगाकडे बघायचं. तोवर कोणी "वा आबा, झकास जमलाय" म्हणालं की ते चिडायचे. "ओल्या रंगावर बोलू नुको. आज एक दिसल, उद्या दुसरा." घाईतला मालक कितीही नाचला तरी फळी सुकेपर्यंत आबा ब्रशला हात लावत नसत. पावसाळी हवेत कधी कधी दोन दिवस जायचे.

हे सगळं कशासाठी, तर आमच्या किनाऱ्यावर प्रत्येक घराचा रंग ठरलेला होता. होडी खाडीच्या तोंडाशी दिसली की वर बांधावर उभ्या असलेल्या बायका रंगावरून ओळखत, ही अमक्याची, ती तमक्याची, आणि जिचा माणूस आला ती पाटी उचलून खाली धावे. दुसऱ्याचा रंग कोणी घेत नसे. आणि होडी विकली गेली तर घेणारा पहिलं काम करी ते म्हणजे तिचा रंग बदलणं. मग कोणी कोणाला काही विचारायचं नाही. रंग बदलला म्हणजे होडी विकली, मालक उतरला, विषय संपला.

शेजारच्या यशोदाकाकूंची होडी निळी होती. गावातली सगळ्यांत जुनी चालती होडी. काकूंचे यजमान वारल्याला दोन वर्षं झाली होती आणि त्यांचे दीर, दामूकाका, होडी विकून टाक म्हणून मागे लागले होते. बाईमाणसानं होडी ठेवून करायचं काय, हे पालुपद सकाळ-संध्याकाळ. गावात तर त्यांनी होडी विकल्यातच जमा केली होती. त्या वर्षी झोड लवकर ओसरली आणि आषाढातच यशोदाकाकू आमच्या पडवीत आल्या, पदर खोचून उभ्या राहिल्या आणि आबांना म्हणाल्या, "तोच निळा लावायचा. जरापण हलता नये. लोकांना कळू दे होडी कोणाची हाय ती." आबांनी त्या निळ्यासाठी तीन फळ्या फुकट घालवल्या. चौथी सुकली तेव्हा काकूंना बोलावून दाखवली. काकूंनी नुसती मान हलवली.

मी तेव्हा रत्नागिरीत मावशीकडे राहून एका छापखान्यात कॉम्प्युटरवर बसत होते. डिझाइन मी करायची, त्याच्या छपाईच्या फिल्म, एकेका रंगाची एक, कोल्हापूरहून निघून यायच्या आणि छपाई आमच्या एकरंगी मशीनवर. म्हणजे चार रंगांचं काम असलं की सगळे कागद चारदा मशीनमधून जायचे, एकेका शाईसाठी एकदा. मालक तात्या, माणूस वाईट नाही, पण जिभेला हाड नाही. मशीनवर इब्राहिमचाचा, माझ्या वडिलांच्या वयाचे, कानावर कायम पेन्सिल. आणि मी. एवढाच कारभार. तात्यांच्या मुलीचं लग्न त्या मे महिन्यात झालं. लग्नासाठी घर रंगवलं, त्यातला गुलाबी रंग उरला, तो वाया कशाला घालवा म्हणून तात्यांनी माझी खोली त्याने रंगवून घेतली. चारही भिंती आणि वरचं छतसुद्धा! पश्चिमेची खिडकी. दुपारी ऊन आत आलं की सगळी खोली गुलकंदासारखी दिसायची. मला उलट बरं वाटलं, आधीच्या चुन्याचे पोपडे कीबोर्डवर पडायचे.

मग आमच्या गावच्या मच्छीमारांच्या सोसायटीची स्मरणिका छापायला आली. नारळी पौर्णिमेला प्रकाशन, आणि मुखपृष्ठावर फोटो कोणता, तर यशोदाकाकूंच्या होडीचा, सगळ्यांत जुनी म्हणून. फोटो नुकताच रंगवलेल्या होडीचा होता. आबांचा रंग, माझं डिझाइन! माझे पाय जमिनीवर नव्हते. तीन दिवस मी त्या एका फोटोवर घासत होते. स्क्रीनवर निळा मला सारखा हिरवट, मेलेला वाटत होता. मग मी त्यात मॅजेन्टा वाढवला. चार रंगांच्या छपाईत निळा होतो तो सायन आणि मॅजेन्टा एकत्र येऊन; सायन म्हणजे आकाशी, मॅजेन्टा म्हणजे राणी कलर. राणी जरा वाढवला की निळ्याला तेज येतं, असं मला वाटलं. अजून थोडा वाढवला. आबांचा निळा दिसायला लागला तेव्हा थांबले आणि फाइल कोल्हापूरला पाठवली.

मशीनवर सायन झाला, आणि दुसरा हात मॅजेन्टाचा सुरू झाल्या झाल्या चाचांनी पहिला कागद उचलून मला हाक मारली. "अगो बाय, हा निळाच हाय ना? मला जांभळाट वाटतो." मी तो कागद घेऊन रुबाबात माझ्या खोलीत गेले, स्क्रीनशेजारी धरला. तंतोतंत. "निळाच आहे चाचा, तुमचा चष्मा बदला. चालू दे मशीन." असं म्हणाले मी. हे शब्द माझेच आहेत, दुसऱ्या कोणाच्या माथी मारायचे नाहीत. सगळे कागद छापून झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रेसमध्ये शिरते तो चाचा अंगणात, आंब्याच्या सावलीत, एक कागद घेऊन उभे. "हितं ये. हितं बघ." मी बघितलं. जांभळी होडी. पिकल्या जांभळासारखी लख्ख जांभळी. कागद घेऊन मी खोलीत धावले. निळी. परत अंगणात. जांभळी. असं मी चार वेळा केलं. चाचा दारात उभे राहून माझी ती धावपळ बघत होते आणि शेवटी हळूच म्हणाले, "होडी रंग बदलत नाय. खोली बदलत्ये." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दिवसभर गुलाबीत बसून माझ्या डोळ्यांना गुलाबी दिसेनासाच झाला होता. जेवढा कमी दिसत होता तेवढा मी फाइलमध्ये भरत होते. स्क्रीनही त्याच खोलीत, कागदही त्याच खोलीत बघितला, मग दोन्ही जुळणारच की!

आजची पोरं माझ्याकडे शिकायला येतात, त्यांना हे सांगितलं की हसतात. मॅडम, आता स्क्रीनचा रंग मोजायचं यंत्र येतं. येतं, माझ्याकडेही आहे. पण गिऱ्हाईक भर उन्हात मोटरसायकलवर बसून फोनवर डिझाइन बघतं आणि "रंग ओके" म्हणून पाठवतं, त्याला कुठलं यंत्र लावायचं? मी ते ओके मानत नाही. छापलेलं प्रूफ हातात घ्या, सावलीत बघा, त्यावर सही करा, मगच माझं मशीन चालेल. दोन गिऱ्हाइकं त्यावरून दुसरीकडे गेली. खुशाल जाऊ देत.

तर मी तात्यांकडे गेले आणि सरळ सांगितलं, चूक माझी आहे, मुखपृष्ठ पुन्हा छापायला हवं. तात्यांनी कागद बघितला. "छान आलंय की. होडी आहे, समुद्र आहे, नाव वाचता येतंय. काय वाईट आहे?"

"होडी निळी आहे, तात्या. ही जांभळी छापलीय."

"निळी काय नि जांभळी काय! कोण बघतंय? स्मरणिका लोक घरी नेतात आणि माळ्यावर टाकतात."

"आमच्याकडे बघतात. रंग बदललेला दिसला की लोक म्हणणार काकूंनी होडी विकली. ती बाई सगळ्यांशी भांडून होडी राखून बसलीय. तिच्या घरात आमचं हे पुस्तक जाणार आणि सांगणार, विकली म्हणून!"

"काम सोसायटीचं आहे, तुझ्या काकूचं नाही. कापून घे, बांधून घे, पाठव."

"मी नाही पाठवणार."

तात्या खुर्चीतून उठले. "मग घरी जा. डोकं थंड झालं की ये, नाही झालं तर येऊच नको." मी एक कागद गुंडाळून पिशवीत टाकला आणि निघाले. मावशीला काय सांगू, दुसरी नोकरी कुठे मिळणार, काही सुचत नव्हतं. पण परत फिरून "बरं तात्या" म्हणायचं माझ्या मनातही आलं नाही. मशीनपाशी चाचा हात पुसत होते. तात्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ते म्हणाले, "आमच्या कटिंगच्या सुरीला आज धार नाय. सोमवारपर्यंत काय कापून होणार नाय."

पूर्णगडला घरी पोचले तेव्हा आई बांगड्याचं तिखलं करत बसली होती. पावसाळी मासेमारीबंदीचे दिवस, ताजी मासळी मुश्किलीची, कोणीतरी गळाने धरलेले दोनच बांगडे दिले होते. त्यातला एक माझ्या ताटात आला. मी जेवले नाही. कागद उलगडून आबांच्या पुढ्यात ठेवला. आबांनी तो उचलून दाराशी नेला, बराच वेळ बघितला आणि विचारलं, "ही कोणाची होडी गो?"

ज्यांनी त्या होडीसाठी चार फळ्या रंगवल्या त्या माणसाने मला हे विचारलं. आईने त्यांच्या खांद्यावरून डोकावलं आणि हात तोंडावर ठेवला. "आगो बाय! यशोदावैनीनी विकली काय? सांगितलंसुदा नाय!" मग मात्र मला रडू कोसळलं. रडत रडत सगळं सांगितलं, गुलाबी खोली, राणी कलर, चाचांचा चष्मा, तात्या. वाटलं आबा जवळ घेतील. कसलं काय! ते भडकलेच. "गुलाबीत बसून निळा मिसळलास? आनि त्या म्हाताऱ्यानं सांगितला तरी आयकलास नाय? तात्याच्या नावानं कशाला रडतंस, चूक तुझी." ते उठून पडवीत गेले आणि परत आले ते दोन्ही हातांत सामान घेऊन. एका हातात यशोदाकाकूंच्या निळ्याची चौथी फळी, दुसऱ्यात राखाडी अस्तराचा मोठा डबा. "अस्तर कशाला लावतात? रंगाला मधी बोलणारा कोण नको म्हनून. खोलीला लाव. मग बस कामाला. आदी जेव."

रविवारी प्रेस बंद. किल्ली चाचांकडे असायची. मी डबा आणि फळी घेऊन सकाळच्या एस.टी.ने रत्नागिरीला उतरले तेव्हा चाचा लेंगा वर दुमडून तयारच होते. "तात्या आपल्याला उभे सोलणार," ते म्हणाले आणि त्यांनी ब्रश उचलला. संध्याकाळपर्यंत आम्ही ती खोली छतासकट राखाडी करून टाकली. खिडकीला मावशीकडची जुनी करड्या रंगाची चादर बांधली. चाचा खाली बसून खोलीकडे बघत म्हणाले, "बाय, ही खोली बघून मला माझ्याच मयतीला आल्यासारखं वाटतंय." आम्ही दोघंही पोट धरून हसलो.

सोमवारी तात्या आले. दारातच थबकले. "हे काय? सुतक आलंय काय माझ्या प्रेसला? श्रावण महिना, गणपती तोंडावर, आणि हा रंग? कोणाला विचारून केलंस?"

"कोणालाच नाही."

"ही खोली काय तुझ्या बापाची आहे?"

"नाही. बापाची असती तर केव्हाच अशी रंगवली असती." माझं मलाच नवल वाटलं, पण बोलून गेले. "अस्तर त्यांनीच दिलंय. मला काढायचं तर काढा, तात्या. पण आधी या खुर्चीत पाच मिनिटं बसा."

तात्या रागाने लाल झाले होते, पण बसले. मी त्यांच्यासमोर आबांची फळी ठेवली आणि शेजारी छापलेला कागद. "शुक्रवारी याच खुर्चीत बसून मी हा कागद निळा म्हणून पास केला. आता तुम्ही सांगा." तात्यांनी फळीकडे बघितलं, कागदाकडे बघितलं. कागद उचलला, ठेवला. चष्मा काढून पुसला. मी टेबलाला टेकून उभी राहिले.

"जांभळी आहे," तात्या म्हणाले. मग अगदी वेगळ्या आवाजात म्हणाले, "पोरीच्या लग्नाचा रंग होता गं तो."

त्याचं मात्र मला खरंच वाईट वाटलं. मी म्हटलं, "तो पुसला त्याची माफी मागते. राखाडी लावला त्याची मागणार नाही." तात्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, झालं, संपली नोकरी. पण ते उठले, दारापर्यंत गेले आणि तिथूनच ओरडले, "इब्राहिम! त्या जांभळ्या होड्या बाजूला काढ. आणि नारळी पौर्णिमेला स्मरणिका पोचली नाही तर तुम्ही दोघं कायमचे घरी!"

त्या आठवड्यात मी दुसरं काही केलं नाही. राखाडी खोलीत बसून फोटो पहिल्यापासून केला. राणी कमी केला की स्क्रीनवरचा निळा मला फिका वाटायचा, तरी मी स्क्रीनचं ऐकलं नाही. आकाशी ठेवला, राणी निम्म्याहून कमी केला, कारण कागदावर दोघं एकत्र आले की राणी वरचढ होतो, हे एव्हाना चांगलंच अंगाशी आलं होतं. फिल्म कोल्हापूरहून एस.टी.च्या पार्सलने आल्या. मॅजेन्टाचा पहिला कागद निघाला तेव्हा चाचा तो घेऊन थेट अंगणात गेले आणि मी फळी घेऊन त्यांच्या मागे. सावलीत दोन्ही शेजारी धरलं. जवळ होता, पण जरा भारी. चाचांनी शाई थोडी कमी केली. पुन्हा अंगण. असे आम्ही सात वेळा गेलो. तात्या खिडकीतून बघत होते, एकदाही ओरडले नाहीत. आठव्या कागदाला मी "चालू दे" म्हणणार होते, पण जीभ आवरली. "उद्या सकाळी बघू, चाचा. सुकू दे आधी." चाचा हसले आणि मशीन बंद करून घरी गेले. सकाळी तो कागद आणि फळी मी आंब्याखाली धरली तेव्हा कुठे कागद संपतो नि कुठे फळी सुरू होते ते चटकन कळेना. मग मशीन सुरू झालं.

नारळी पौर्णिमेला प्रकाशन झालं. भाषणं झाली, नारळ सागराला गेला, नारळीभाताच्या पंगती बसल्या. सोसायटीचे लोक घरोघरी स्मरणिका वाटत होते आणि मी जेवण सोडून लोकांची तोंडं बघत फिरत होते. कोणी मुखपृष्ठाबद्दल एक अक्षर काढलं नाही. दामूकाकांनी स्मरणिका हातात घेतली, फोटो बघितला, पुढच्या ओट्यावर बसलेल्या चौघांनीही बघितला, आणि एक म्हातारा म्हणाला, "यशोदेची होडी." म्हणाला आणि पान उलटलं. दामूकाका उठून पंगतीला जाऊन बसले. यशोदाकाकूंनी तर नीट बघितलंसुद्धा नाही. स्मरणिका काखेत मारली आणि मला म्हणाल्या, "भात खाल्लास काय गो? उभी कशाला हायस अशी?" गेलेल्या झोपेची, भांडणाची, सात वेळा अंगणात घातलेल्या फेऱ्यांची कोणालाही कल्पना नव्हती. मी पान वाढून घेतलं आणि दोनदा नारळीभात खाल्ला.

आबा पडवीत बसले होते. मी स्मरणिका त्यांच्या मांडीवर ठेवली आणि समोर उभी राहिले. त्यांनी ती उचलली, उजेडाकडे पाठ करून सावलीत धरली. मग होडीच्या बरोब्बर मध्यावर अंगठा दाबला, उलटा करून बघितला आणि म्हणाले, "सुकला."